पाटावरचा जॅक

आमच्या जीपच्या मागच्या बाकाखाली एक पत्र्याची पेटी असायची. निळी, झाकणावर पांढरी कमळं रंगवलेली. माझी बायको लग्न होऊन पोखर्णीहून आली तेव्हा त्या पेटीत तिच्या बांगड्या, आरसा आणि अर्धवट विणलेला लोकरीचा स्वेटर होता. वर्ष व्हायच्या आतच मी ती पेटी तिच्याकडून मागून घेतली आणि तिच्यात जॅक ठेवला.

"घ्या," ती म्हणाली, "पर माझ्या कमळांना गिरीस लागू देऊ नका."

ग्रीस लागलंच. पहिल्याच महिन्यात लागलं. मी रॉकेलच्या बोळ्याने पुसायला गेलो तर ग्रीसबरोबर एका कमळाचा रंगही निघून आला.  पेटी जीपमध्ये ठेवताना ते रिकामं देठ मला दरवेळी दिसायचं.

आमचं गाव वालूरपासून आत. मी गावातल्याच शाळेत मास्तर होतो. जीप वडिलांनी लिलावात घेतलेली, मिलिटरीची जुनी. वडील गेल्यावर शेती आणि जीप दोन्ही थोरल्या भावाकडे आली. भाऊ ती चालवायचा आणि मी तिची काळजी करायचो. गावात दुसरी मोटार नव्हती, त्यामुळे कुणाचं पोट दुखो की कुणी झाडावरून पडो, माणसं आमच्या अंगणात यायची.

ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. पहिल्या दंगलीच्या दिवसांत रस्त्यावर आडव्या टाकलेल्या फांद्या आणि दगड मी पाहिले होते. नंतरही कधी बंद, कधी मोर्चा, एसटी कधी थांबेल याचा भरवसा नसायचा. खरी भीती भोगली ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीने. आमच्या घराला कुणी हात लावला नव्हता, आणि आम्हीही त्या दिवसांत त्यांच्यासाठी दार उघडलं नव्हतं. तेव्हा माझी भीती फुकटची होती हे मला कळत होतं. पण ती होती. रस्त्यात अडकलो तर काय, हा एकच विचार डोक्यात घर करून बसला आणि त्यातून ती पेटी भरत गेली. जॅक, त्याचा दांडा, चाकाचा पाना, टायर काढायची टॉमी, पक्कड, जादा फॅनबेल्ट, दोर, बॅटरी, काड्यापेटी, आयोडीनची बाटली, कापूस, पट्ट्यांच्या गुंडाळ्या. शेजारी पाण्याचा कॅन. दर रविवारी मी सगळं सामान ओसरीवर मांडायचो, पुसायचो, बॅटरी लावून बघायचो, पाणी बदलायचो आणि पुन्हा भरायचो.

भावाला याची गंमत वाटायची. "मास्तर, लोणच्याची बरणी ऱ्हायली की रे," तो म्हणायचा. "आन एखादा पाळणा बी टाक. रस्त्यात कोन बाळंत झालं तर?"

"हसून घे," मी म्हणायचो.

"हसायलोच की. तू हाईस म्हणून तर मी बिनघोर गाडी चालवतो."

ते मात्र त्याचं खरं होतं, आणि त्याचंच मला ओझं वाटायचं.

पेटीतली वस्तू मी कुणाला देत नसे. शेजारचा शेतकरी एकदा बैलगाडीचं चाक काढायला जॅक मागायला आला होता. गाडीत भुईमूग भरलेला, रिकामी करायची म्हणजे दिवस जाणार. मी म्हणालो, "आणि तेवढ्यात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?"  तो म्हणाला, "बरं मास्तर. कुनी मरायला लागलं की मंग मागतो." त्याने आणि त्याच्या दोन पुतण्यांनी ती भरली गाडी खांद्यावर तोलून धरली आणि चाक काढलं. मी शाळेतून येताना ते पाहिलं. पाहून दुसऱ्या गल्लीने घरी गेलो.

खंडेनवमीला मात्र पेटीतलं लोखंड बाहेर निघायचं. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार धुवायचं, पाटावर मांडायचं, त्याला हळदीकुंकू वाहायचं आणि दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एरवी वर्षभर राबतं ते, एक दिवस त्याला बसू द्यायचं, असं माय सांगायची. पूर्वी पाटावर नांगराचा फाळ, कोयते, कुऱ्हाड, विळे एवढंच असे. जीप आल्यापासून मधल्या मानाच्या जागी जॅक बसू लागला. मायला त्याचं फार कौतुक. "एवढुसा हाय, पर आख्खी गाडी उचलतो," असं ती येणाऱ्याजाणाऱ्या बायांना दाखवायची. त्या दिवशी जीप अंगणाबाहेर काढायची नाही, असा घरचा रिवाज होता. त्यामुळे पेटी रिकामी राहिली तरी माझ्या मनाला फारसं लागत नसे. लागायचं, पण मी स्वतःला समजावायचो.

त्या वर्षीही मी सकाळी जॅक, दांडा, पाना, टॉमी, पक्कड काढून दिली. मायने ती चिंचेने घासली. भावाने जीप धुतली. बायको घरामागच्या वावरात झेंडू तोडायला गेली. बांधालगत आम्ही झेंडूचे वाफे केले होते, आणि दसऱ्याला लागतील तेवढी फुलं तिथेच निघायची.

ती ओरडली नाही. परसदारातून आत आली, टोपली नीट खाली ठेवली आणि मला म्हणाली, "अवो, इकडं या जरा. बोटाला काहीतरी डसलंय. फुरसं होतं वाटतं."

डाव्या हाताच्या मधल्या बोटावर दोन बारीक ठिपके होते. मी ते बघत असतानाच बोट फुगायला लागलं.

पुढचं सगळं एकदम झालं. माय ओरडली, शेजारपाजारची माणसं धावली, कुणी म्हणालं मारुतीच्या पारावर न्या, कुणी म्हणालं मिरच्या चारा. भावाने कुणाचं ऐकलं नाही. त्याने जीप सुरू केली आणि म्हणाला, "सरळ परभणी. बसा." शेजारच्या काकू बायकोला धरून मागे बसल्या. मी मनगटाच्या वर पट्टी बांधली. तेव्हा तसंच बांधत. मग काकू म्हणाल्या, "चादर आना, अंगावर घ्याया," म्हणून मी घरात धावलो.

आमचं घर म्हणजे दारातून आत बघितलं की थेट देवघर. नवरात्राचा घट बसलेला, नंदादीप तेवत असलेला. त्याच्यासमोर पाट. पाटाभोवती रांगोळी, पाटावर लाल कापड, आणि मधोमध जॅक. त्याच्या डोक्यावर कुंकवाचा टिळा, टिळ्यावर अक्षता. बाजूला पाना, टॉमी. माय तिथेच भिंतीला धरून उभी होती. घट आणि दिवा सोडून ती येऊ शकत नव्हती. तिच्या बोटांना ओलं कुंकू होतं.

मी चादर घेतली आणि पाटापाशी थांबलो. विसरलो असतो तर बरं झालं असतं, पण मी विसरलो नव्हतो. सरळ समोर जॅक दिसत होता आणि पेटीत तो नाही हे मला ठाऊक होतं. मी वाकलो. हात पुढे केला. माय नको म्हणाली नाही. तिने फक्त डोळे मिटले. आणि माझ्या मनात आलं, आत्ता, या क्षणी, पूजेला बसलेलं हत्यार उचललं आणि बायकोला काही झालं तर? ज्या घडीला देवीपुढे हात जोडायचे, त्याच घडीला मी तिच्यासमोरची पूजा मोडू? मी हात मागे घेतला. मनाशी म्हणालो, गेल्या कित्येक महिन्यांत एकदाही टायर बसलेलं नाही.

मी जीपमध्ये चढलो. बायकोने विचारलं, "पेटी हाय ना?"

"आहे," मी म्हणालो. पेटी होतीच. बाकाखाली होती. तिच्यात कापूस आणि आयोडीन होतं.

वालूर मागे पडलं. बायकोचं बोट आता काळंनिळं झालं होतं आणि हात कोपरापर्यंत सुजला होता. ती शुद्धीवर होती. काकू तिला सारखं बोलायला लावत होत्या, "तुझ्या म्हायेराचं सांग गं, नरसिंहाच्या देवळातलं सांग." ती सांगायचा प्रयत्न करत होती. थोड्या वेळाने ती रस्त्यावर थुंकली, तर थुंकीत रक्त होतं. हिरड्यांतून येत होतं. मी पुढे बघून भावाला फक्त "जोरात" एवढंच म्हणालो.

आणि मग ते झालं. रस्त्याच्या कडेला कुणीतरी वावराला बाभळीचं कुंपण घातलं होतं, त्याच्या फांद्या खडीवर आल्या होत्या. समोरून येणाऱ्या बैलगाडीला वाट द्यायला भावाने जीप खाली घेतली आणि पुढचं चाक बसलं. थोडं अंतर तो तसाच रेटत गेला. मग स्टिअरिंग त्याच्या हातात थरथरायला लागलं.

"काढ जॅक," तो उतरता उतरता म्हणाला. स्टेपनी सोडवायला तो मागे गेला.

मी पेटी उघडली. उघडायची गरज नव्हती.

"मास्तर? जॅक!"

"पाटावर आहे."

तो माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं. त्याला खरोखर कळत नव्हतं. "आरं, दर रविवारी मोजतूस की रे तू," तो म्हणाला. आवाज अगदी हळू.

बैलगाडीवाला उतरून आला. कुंपणापलीकडून दोघे जण आले. आम्हा पाचजणांना मिळून जीप उचलता आली असती, एक वासाही सापडला असता, पण चाकाचे नट हाताने कसे निघणार? पाना हवा होता. तेवढ्यात फटफटीवर एक माणूस आला. भाऊ रस्त्यात आडवा उभा राहिला.

"पाना हाय का?"

"हाय की," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "घरी हाय. खंडेनवमी ना आज. आज कुनाच्या गाडीत पाना गावंल, दादा?" त्याने जीपमध्ये डोकावून बघितलं. माझ्या बायकोला मागे बसवून न्यायची त्याची तयारी होती, पण ती आता बसू शकत नव्हती, मान सारखी काकूंच्या खांद्यावर कलत होती. "म्होरं फाट्यावर एक ट्रक उभा हाय," तो म्हणाला. "मोडलेला हाय, पर त्याच्यापशी सामान आसंल. बसा मास्तर मागं."

त्या फटफटीवर मी काय विचार करत होतो ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी त्याच्या खांद्याला इतकं घट्ट धरलं होतं की शेवटी तो म्हणाला, "सैल सोडा, पडायचो दोघं बी."

फाट्यावर एक चहाचं हॉटेल होतं, कडुलिंबाखाली. त्याच्यापुढे ट्रक. एका बाजूची चाकावरची स्प्रिंगची कमान तुटल्यामुळे तो त्या अंगाला कलला होता आणि खाली दगड लावून तोलून धरला होता. पण धुतलेला होता, तोंडाला झेंडूचा हार होता. समोर पोत्यावर सगळी हत्यारं मांडलेली, आणि बनियनवरचा एक पोक्त ड्रायव्हर कपाळाला टिळा लावून, हातात नारळ घेऊन त्यांच्यासमोर उभा. घरी जाता आलं नाही म्हणून रस्त्यातच त्याने खंडेनवमी मांडली होती.

मी काय हवं ते सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पोत्याकडे.

"आजून नारळ फोडायचाय," तो म्हणाला.

हॉटेलवाला आतून ओरडला, "आरं बाईमानूस मरायलंय तिकडं आन तू नारळाचं काय घेऊन बसलास!"

"तू च्या उकळ. हत्यार माझं हाय, पोट बी माझंच हाय." त्याने नारळ खाली ठेवला. वाकून जॅकला दोन्ही हात लावले, ते कपाळाला नेले, मग जॅकशीच बोलला, "जाऊन ये माय. लेकीचं काम हाय." आणि त्याने जॅक उचलून माझ्या हातात दिला. नंतर दांडा आणि मोठा स्क्रूपाना. कुंकू ओलं होतं. माझे तळवे लाल झाले.

"उद्या सकाळी आनून द्या," तो म्हणाला. "सकाळी कमान येनार हाय, मिस्तरी येनार हाय. जॅक न्हाई तर ट्रक कशानं उचलू मी? दातानं?"

"सकाळी आणून देतो. शब्द देतो. मास्तर आहे मी."

"मास्तर हाव?" तो म्हणाला. "मंग कायच प्रश्न न्हाई."

मी परत आलो तेव्हा बायकोने डोळे उघडले आणि माझे हात बघून घाबरली. "तुमाला काय झालं? रक्त हाय का?"

"कुंकू आहे," मी म्हणालो.

भावाने चाक बदललं. त्याचे हात मी कधी इतके भराभर चालताना पाहिले नव्हते. परभणीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं, इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, पण रक्त थांबायला हवं. थांबलं नाही तर नांदेडला न्यावं लागेल, तयारीत राहा.

तयारीत राहा. तो शब्द माझ्यात रुतून बसला.

दसऱ्याची सकाळ झाली. हिरड्यांतून अजून रक्त येत होतं. भाऊ जीपची चावी हातात घेऊन आला. "जॅक देऊन येतो. ट्रकवाला वाट बघत आसंल."

"गाडी हलवू नकोस," मी म्हणालो.

"आरं, जाऊन लगेच येतो."

"आणि तेवढ्यात नांदेडला न्यायला सांगितलं तर? आणि वाटेत पुन्हा चाक बसलं तर?"

"बाजारात बघतो दुसरा जॅक."

"दसरा आहे. दुकान कोण उघडतंय आज?"

"शब्द दिलाय तू," भाऊ म्हणाला. "मास्तर हाव म्हणून सांगितलंस ना त्याला?"

मी त्याच्या हातातून चावी घेतली. माझा भाऊ माझ्यापेक्षा थोरला, धिप्पाड, त्याला कुणी अडवलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याने चावी दिली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी खाली जीपपाशी गेलो, पेटी उघडली, तो परका जॅक आत आहे की नाही ते बघितलं. नंतरही बघितलं. त्या दिवशी मी कितीदा खाली गेलो असेन, सांगता येत नाही. दर वेळी पेटी उघडल्यावर मला फाट्यावरचा कललेला ट्रक दिसायचा आणि दर वेळी मी झाकण लावून वर जायचो.

त्या संध्याकाळी रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. बोट मात्र पूर्वीसारखं वळणार नाही. मी चावी भावाच्या हातात दिली आणि त्याच्याबरोबर जीपमध्ये बसलो.

फाट्यावर ट्रक नव्हता. जिथे उभा होता तिथे तेलाचा डाग, चार दगड आणि सुकलेला हार पडला होता. हॉटेलवाल्याने मला लगेच ओळखलं.

"लय शिव्या दिल्या तुमाला," तो म्हणाला. "दुपारपस्तोर दिल्या. मास्तरच्या जातीवर भरवसा ठिवू न्हाई म्हनला. मिस्तरी येऊन बसला, माघारी गेला. मंग दिवस कलायला एका गाडीवाल्याचा जॅक मागून काम उरकलं." तो कपबशा विसळत होता. "जाताना म्हनला, बाई जगली आसंल तर ऱ्हाऊ दे." मग मान वर करून त्याने विचारलं, "जगली का?"

"जगली."

"बरं झालं," तो म्हणाला आणि भावाला चहा दिला. मला विचारलं नाही, की विचारलं आणि मला ऐकू आलं नाही, नक्की सांगता येत नाही.

तो ट्रक कुठला, ड्रायव्हर कुठला, हॉटेलवाल्याला ठाऊक नव्हतं. जिंतूरकडून आला होता, एवढंच. पुढे मी पुष्कळ शोधलं. चारठाण्याला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रकपाशी थांबून आत डोकावलो. लोकांना वाटलं, मास्तरांचं काही हरवलंय. तो नंतर कुठे अडला असेल, त्याच्या पेटीत जॅक नसेल, कुणाकडे हात पसरत असेल, हे मनातून जात नव्हतं. आता माझ्या पेटीत दोन जॅक होते. कुठल्याही गाडीत नसेल इतकी माझी तयारी होती.

बायको बरी झाली. स्वयंपाक, धुणं, सगळं करायला लागली. ते एक बोट ताठ राहिलं. पीठ मळताना ते वेगळं उभं राहायचं. मला ते दिसू नये म्हणून मी जेवायला जरा तिरका बसायचो. पाटापाशी थांबलो होतो हे मी तिला सांगितलं नव्हतं. सांगायचं रोज ठरवायचो.

वर्ष फिरून खंडेनवमी आली. मायने पाट मांडला, लाल कापड अंथरलं आणि मला हाक मारली, "आन रं हत्यारं."

मी जीपपाशी गेलो. पेटी उघडून नुसता उभा राहिलो. काढायची तरी भीती, नाही काढायची तरी भीती. मागून बायको आली, हातात हळदीकुंकवाचं ताट. ती मागच्या बाकावर चढली, पदर खोचला आणि पेटीतच हात घालून आमच्या जॅकला कुंकू लावलं. मग त्या ट्रकवाल्याच्या जॅकला. डाव्या हाताने, त्या ताठ बोटाने.

दारातून माय म्हणाली, "आगं, हे काय करायलीस? पाटावर काय ठिवू मी?"

"कोयते हाईत, विळे हाईत, आत्याबाई. लय झाले."

"आन दिवा? दिवा कुठं ओवाळशील त्या पेटीत? डिझेल हाय तिथं, सगळ्यांना जाळतीस का?"

"दिवा तुमच्यापशी. फुलं तेवढी धाडा."

 माय आत गेली, आणि भावाच्या हाती झेंडूची फुलं पाठवली. भाऊ फुलं देताना म्हणाला, "एक कमळ बी रंगवा तिथं, एकाचं नुसतं देठ दिसायलंय." आणि निघून गेला.

मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मी चादर आणायला गेलो तेव्हा..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. तिने फूल जॅकवर ठेवलं. "जिपीतून दिसत होतं. दार उघडंच होतं. तुमी वाकलात आन माघारी फिरलात."

"मग हाक का नाही मारलीस?"

तिने दुसरं फूल ट्रकवाल्याच्या जॅकवर ठेवलं. "मला बी वाटलं, नको उचलाया. उचललं आन मी मेले तर, म्हनून." मग म्हणाली, "पेटी हाय का म्हनून इचारलं ते उगंच. तुमी काय बोलता ते बघायला."

  दोघांनाही तीच भीती होती म्हणून माझा वाटा कमी होतो का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. होत नाही. पण तिने ते सांगितल्यापासून मी जेवायला सरळ बसू लागलो, एवढं खरं.

ती अजून जीपमध्येच होती तेव्हा कुंपणापाशी शेजारी येऊन उभा राहिला. तोच, भुईमुगाच्या गाडीवाला. घामाघूम झालेला. म्हणाला, "मास्तर, पाव्हण्याचा ट्रॅक्टर बसलाय वढ्यापशी. पोरं हाईत टरालीत, बायका हाईत. आज सगळ्यांचं सामान पाटावर. कुनी मरायला न्हाई लागलेलं," तो म्हणाला आणि ओशाळं हसला, "तरी म्हनलं, इचारून बघावं."

बायकोने माझ्याकडे बघितलं. ती पुढे झाली नाही. तिने फक्त पेटीचं झाकण धरून ठेवलं.

मी आत हात घातला. ट्रकवाल्याचा जॅक वजनाला जड होता, तो उचलला. फूल खाली पडलं. त्याच्या हातात देताना माझ्या ओठांवर आलं होतं, सकाळी आणून द्या. ते मी बोललो नाही.

तो ओढ्याकडे पळत गेला. मी ओसरीवर बसलो. माय आत आरती म्हणत होती. मी रस्त्याकडे बघत होतो, आणि मनात तेच, आत्ता कुणाला काही झालं तर, आत्ता कुणी अंगणात आलं तर. दुसरा जॅक पेटीत होता, तरीही. दिवस कलताना तो परत आला. जॅक त्याने चिखल धुऊन आणला होता. धुताना कुंकूही गेलं होतं.

"पुसलं गेलं बगा," तो म्हणाला. "पुन्हा लावा म्हनावं वहिनीला."

तिने लावलं.